रेवतीचे सात वार

त्या गुरुवारी मी दत्तगुरूंशी चक्क भांडले होते, हे आधीच सांगून टाकते. पूजा उरकली, नैवेद्य दाखवला आणि तसबिरीसमोर उभी राहून म्हटलं, "इतकी वर्षं तुमचे गुरुवार करते आहे, कधी काही मागितलं नाही. आज परक्याच्या पोरीसाठी मागतेय, तर तुम्ही गप्प!" कधी काही मागितलं नाही, ही शुद्ध थाप होती. यांची बदली, मुलाचा गणिताचा पेपर, गॅसचा नंबर, सगळं मागून झालं होतं. पण त्या दिवशी जीव खरोखर टांगणीला लागला होता. रेवतीचा आवाज लागत नव्हता, आणि संध्याकाळी लालाजी तिचं गाणं ऐकायला आमच्या घरी यायचे होते.

रेवती जालन्याची. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मुलीचा गळा काय आहे ते त्यांनीच आधी ओळखलं आणि तिला ठुमरी शिकायला लखनौला एका वृद्ध गायिकेकडे पाठवलं. मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली, पण जेवणाची सोय नव्हती. तेव्हा आम्हा मराठी मंडळींना आपली जुनी रीत आठवली. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आज या घरी, उद्या त्या घरी. माझे आजोबा असेच शिकले. नव्वदच्या दशकात, आणि तेही लखनौत, वार लावायचे म्हणजे नवलच. पण इंदिरा नगरातल्या सात घरांनी एकेक वार हौसेने वाटून घेतला. रविवार टेलिफोन खात्यातल्या कांबळ्यांचा, गुरुवार माझा. पोरीला घरचा वरणभात मिळायचा, आम्हाला पुण्य. जेवण झालं की कुणीतरी म्हणायचंच, "रेवती, एखादा अभंग होऊन जाऊ दे." शेजारपाजारचेही येऊन बसायचे. ती कधी नाही म्हणाली नाही, म्हणून आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी तिच्या वडिलांना दम्याने गाठलं आणि वाजवणं सुटलं. शिकवणीचा आणि वसतिगृहाचा खर्च कुणी उचलला नाही, तर रेवतीला पावसाळ्याआधी जालन्याला परत जावं लागणार होतं. एकदा परत गेली की गाणं संपलं, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. लालाजी जुन्या लखनौच्या चौक बाजारातले सराफ. त्यांचं खातं यांच्या बँकेच्या हजरतगंज शाखेत. गुणी मुलांना ते मदत करतात असं ऐकून यांनी शब्द टाकला. लालाजी म्हणाले, "ज़रूर करेंगे साहब, पर पहले सुनेंगे." रास्तच होतं. मी त्या दिवसापासून रेवतीला हळद घातलेलं दूध पाजत होते, खिशात ज्येष्ठमध कोंबत होते, आणि वर "जरा म्हणून दाखव बघू" असंही म्हणत होते.

दुपारी ती तयारी करत बसली होती. बाहेर जेठ महिन्यातलं ऊन रणरणत होतं. दाराशी एक म्हातारी बाई उभी दिसली, चिकनकारी भरतकामाचा पांढरा दुपट्टा, घामाने डबडबलेली. रिक्षावाल्याने तिला चुकीच्या ब्लॉकमध्ये उतरवलं होतं. मी तिला व्हरांड्यात बसवून गूळ-पाणी दिलं. पाणी पिता पिता ती आतलं गाणं ऐकू लागली. मला वाटलं आता कौतुक करेल, म्हणून मी कान टवकारूनच उभी होते. तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बिटिया को रोक दीजिए, बहनजी. गला छिल रहा है उनका. आपको सुनाई नहीं देता?"

मी म्हटलं, थोडी सर्दी आहे, आमच्याकडे जेवायला येते, रोज कुठे ना कुठे गातेच. म्हातारीने हाताने मला मध्येच थांबवलं. "खिलाइए, दुआ लीजिए," ती म्हणाली. "खिलाकर गवाना, यह तो दाम वसूलना हुआ." एवढं बोलून तिने पत्ता पुन्हा विचारून घेतला, आशीर्वाद दिला आणि ती निघून गेली. ती कोण होती, मला माहीत नाही. पुढे ती ज्या ब्लॉकचा पत्ता विचारत होती तिथे चौकशी केली, कुणाला काही सांगता आलं नाही. मला राग आला होता, हेही खरं. उन्हातून आलेल्या बाईला पाणी द्यावं आणि तिने आपल्याच दारात आपल्याला सुनवावं!

पण आत गेले तर रेवती तंबोऱ्यावर डोकं टेकून बसली होती. मी विचारलं, "दुखतंय का ग?" तिने मान हलवली. "कधीपासून?" तर म्हणाली, "होळीपासून." "अगं, मग बोलली का नाहीस?" ती अगदी हळू म्हणाली, "काकू, जेवते ना मी तुमच्याकडे. नाही कसं म्हणू?" आणि मग ती रडली. सकाळी रियाज, दुपारी शिकवणी, आणि रात्री ज्या घरचा वार त्या घरचा अभंग, आठवड्याचे सातही दिवस. आम्ही प्रेमानेच तिचा गळा खरवडून काढला होता. मी तिला जवळ घेतलं आणि देव्हाऱ्याकडे पाहिलं. सकाळी भांडले होते, तेव्हा उत्तर हवं होतं. आता ते मिळालं होतं आणि मला ते नको होतं.

संध्याकाळी लालाजी आले. यांनी कूलर बंद केला, म्हणजे गाणं नीट ऐकू येईल. मी हात जोडून उभी राहिले आणि म्हटलं, "लालाजी, आज ये नहीं गाएगी. गला दुख रहा है. आप खाना खाकर जाइए." यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लालाजी आधी गोंधळले, मग जेवले, कटाची आमटी पुन्हा मागून घेतली आणि "फिर कभी" म्हणून गेले. लखनौत "फिर कभी"चा अर्थ काय असतो, ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. त्या रात्री हे माझ्यावर रागावूनच झोपले. मला मात्र आश्चर्य वाटेल इतकी शांत झोप लागली. हातातलं सगळं सोडून दिलं होतं. आता ते धरणारे दत्तगुरू, मी नव्हे.

डॉक्टरांनी काही महिने गाणं बंद करायला सांगितलं. सातही घरच्या बायका जमलो. कांबळेवहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आमच्याकडे तर पाहुण्यांसाठी दोन-दोनदा गायची हो पोरगी!" वार तसेच ठेवायचे, पण रेवतीला गा म्हणायचं नाही, असं ठरलं. वसतिगृहाचं आम्ही आपसात पाहू लागलो. शिकवणीचं कसं जमवायचं हा घोर होता, तेवढ्यात लालाजींचा मुनीम बँकेत आला. लालाजींनी वर्षभराची शिकवणी उचलली होती. निरोप एवढाच होता: "जिस गले को घरवाले इतना सँभालते हैं, उसे सुनने की क्या जल्दी है."

दत्तगुरू दारोदार भिक्षा मागत फिरतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. भिक्षा घालणाऱ्याने झोळीतून परत काही काढायचं नसतं, एवढी साधी गोष्ट शिकायला मला अर्धं आयुष्य आणि एका पोरीचा गळा लागला. ते दोन्ही वाया गेलं नाही, ही त्यांचीच कृपा.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मी पोळ्या करत होते. रेवती आली, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. जरा वेळाने तिने हलकेच षड्ज लावला. स्वच्छ, भरलेला, कुठेही न खरखरणारा. कुणी गा म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाहेर जाऊन तिच्याजवळ ऐकत बसावं असं फार फार वाटलं, पण ती माझ्यासाठी गात नव्हती. "तुमचं तुम्ही ऐका," मी मनातल्या मनात दत्तगुरूंना म्हटलं, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.