सगळ्या वर्गाची एकच आई

"नेसते काय मग तुझी आई? आरसे?"

मास्तरांनी असं विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. बाकांवर थापा पडल्या. देशमुखाचा पोरगा तर हसता हसता खाली वाकला. मी उभा. हात अजून वरच होता, कारण मीच हात वर करून बोललो होतो. तो खाली घ्यायचं सुचलंच न्हाई.

आता मी असं काय वाकडं बोललो होतो? हिंगोलीच्या शाळेत नववीला होतो. निजामाचं राज्य. इंग्रजीचे मास्तर निबंध सांगत होते आणि आमी उतरून घेत होतो. निबंध 'माय मदर', म्हणजे माझी आई. मास्तरांनी सांगायचं, आमी लिहायचं, घरी घोकायचं आणि परीक्षेत तसंच्या तसं ओकायचं. इंग्रजी निबंध तेव्हा असाच शिकवत. मनानं लिहिलं की चुका होतात म्हणे. म्हणून मन घरी ठेवून शाळेत यायचं.

"माय मदर इज फेअर. शी वेअर्स अ सिल्क सारी. शी गोज टू द टेंपल एव्हरी मॉर्निंग. शी रीड्स होली बुक्स."

गोरी आई. रेशमी लुगडं. रोज सकाळी देऊळ. मग पोथी.

रेशमी लुगड्यापाशी माझी लेखणी अडली. मी लमाणांच्या तांड्यावरचा, नरसीच्या बाजूचा. माझा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरायचा, बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. आमच्या बाया लुगडं नेसत न्हाईत. घागऱ्यासारखा घेरदार फेटिया, आरसे टाचलेली चोळी म्हणजे कांचळी, डोक्यावर ओढणी, दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. मी म्हणालो, "सर, माझी आई लुगडं नेसत न्हाई. मी काय लिहू?" फेटियाला इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच पाहिजे होतं मला.

हसणं ओसरलं तसे मास्तर म्हणाले, "बस खाली. इंग्रजीत आई अशीच असते. सांगितलं तेवढं लिही."

मी बसलो. लिहिलं.

तुमी म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? शाळेत याहून वाईट होत होतंच की. कुणाची दौत हरवली, कुणाची टोपी हरवली, तर आधी माझं दप्तर उलटं व्हायचं. दौत देशमुखाच्या पोराच्या बाकाखाली सापडायची, पण माझं दप्तर कुणी भरून द्यायचं न्हाई. लमाण म्हणजे चोर, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं. ते सगळं मी गिळत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण इंग्रजीचं निराळं होतं. इंग्रजीवर माझा जीव होता. काहून, ते सांगतो. घरी आमची बोली गोरमाटी. गावात मराठी, ती मी बोललो की हेल ऐकून पोरं हसायची. शाळेचा सगळा कारभार उर्दूत, ती वकिलांच्या, देशमुखांच्या पोरांना घरातूनच येत होती. मी सगळीकडं मागं. आणि मग इंग्रजी आली. ती कुणाच्याच आईची भाषा नव्हती. तिच्यापुढं देशमुखाचा पोरगाही अडाणी आणि मीही अडाणी. बराबरीचे! आयुष्यात पयल्यांदा मी कुणाच्या बराबर उभा राहिलो ते इंग्रजीच्या तासाला. मोठमोठ्यानं वाचायचो. बर्फाच्या कविता वाचायचो, नावाड्यांच्या गोष्टी वाचायचो. बर्फ मी बापजन्मात पाहिला नव्हता, पण कविता वाचताना हुडहुडी भरायची. वाटायचं, ह्या दारावर कुणी आपल्याला अडवणार न्हाई.

तिथंच त्यांनी मला विचारलं, तुझी आई नेसते काय.

दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावर गेलो. निबंध पाठ करायचाच होता. मॅट्रिकच्या वर्गात कोण जाणार, ते मास्तर ठरवायचे, आणि त्यांना पाठांतर लागायचं. आमच्या तांड्यावरून मॅट्रिकला कुणीच गेलेलं नव्हतं. चुलीपाशी बसून मी घोकत होतो. याडी, म्हणजे माझी आई, कांचळीला आरसे टाचत होती. ती बोलली ते गोरमाटीत. इथं मराठीत सांगतो.

"काय म्हणून राहिलास रे? गोड लागतंय कानाला."

"निबंध हाय. तुझ्यावर हाय, याडी."

"माझ्यावर?" तिनं सुई बाजूला ठेवली. ओढणी सारखी केली. तांड्याच्या नाईकापुढं बसावं तशी नीट बसली. "सांग बरं."

मी एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगितलं. ती गोरी हाय. रेशमी लुगडं नेसते. रोज सकाळी देवळात जाते. पोथी वाचते. याडीनं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाली,

"ही बाई मी पाहिली हाय हिंगोलीत. मोळी टाकायला गेले होते तिच्या दारी. मला तहान लागली तर तिनं वरून ओंजळीत पाणी ओतलं. चांगली बाई हाय. पण तू तिला आई काहून म्हणतोस?"

 मी म्हणालो, "परीक्षेसाठी."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मग म्हण," म्हणाली. "परीक्षा होईस्तोवर म्हण."

आणि सुई उचलून आरसे टाचायला लागली. मला रडू येत होतं. आईला म्हणावं तरी काय? तिनं तर परवानगी दिली होती.

माघात शाळेची तपासणी ठरली. मोहतमीम साहेब, म्हणजे निजाम सरकारचे शाळा तपासणारे अधिकारी, येणार. शाळा सारवून घेतली, भिंतींना चुना दिला. आदल्या दिवशी मास्तरांनी मला बोलावलं. आवाजात मध.

"उद्या निबंध तू म्हणायचास. तुझा उच्चार स्वच्छ आहे. तांड्यावरच्या पोराला आपण इंग्रजी बोलायला लावलं, हे साहेबांना दिसलं पाहिजे. नीट म्हटलंस तर मॅट्रिकच्या वर्गात तुझं नाव पक्कं."

मी हो म्हणालो. हुरळलो, खोटं कशाला बोलू. कापसाच्या जिनिंगच्या आवारात आमच्यातला एक रखवालदार होता, त्याच्या खोलीत मी राहायचो. तिथल्या भिंतीला सकाळी सकाळी दोनदा म्हणून दाखवला.

पण तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी याडी सरपणाची मोळी घेऊन हिंगोलीत यायची, आणि मोळी विकायच्या आधी आठवड्याच्या भाकरी मला शाळेत देऊन जायची. तपासणी असली काय आणि नसली काय, तिला काय माहीत?

साहेब आले. शेरवानी, लाल तुर्की टोपी, हातात छडी. माणूस शांत होता. मास्तरांनी मला उभं केलं. "सर, धिस बॉय इज लंबाडा," म्हणजे लमाण, असं सांगितलं. साहेबांनी भुवया वर केल्या, मान डोलावली. मी सुरू केलं.

"माय मदर इज फेअर. माय मदर..."

दारात सावली पडली. मागं बसलेली पोरं फिसफिसली. मी पाहिलं. याडी दारात उभी. डोक्यावर मोळी, हातात भाकरीचं फडकं. तिच्या अंगावर तिरपं ऊन पडलं होतं आणि कांचळीच्या आरशांचे कवडसे आमच्या फळ्यावर नाचत होते. ती मला बघून हसली. मी उभा राहून बोलतोय आणि सगळे बसून ऐकतात, हे तिला फार भारी वाटलं असणार.

साहेबांनी इंग्रजीतच विचारलं, "हू इज शी?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "नोबडी, सर. नोबडी."

कुणी न्हाई.

तो शब्द मला येत होता. त्यांनीच शिकवला होता. मला इंग्रजी येत नसती तर त्या दिवशी मी सुखात राहिलो असतो. याडीला येत नव्हती, म्हणून ती हसतच होती. आपल्याबद्दल काही बोलले, हे तिला कळलं, आणि तिनं मास्तरांना रामराम केला. मोळी डोक्यावर, हात गुंतलेला, म्हणून नुसता मानेनं.

तो रामराम मी आजपर्यंत विसरलो न्हाई. मेल्यावरच विसरीन.

"कंटिन्यू," मास्तर म्हणाले. डोळ्यांनी दम दिला.

पुढचं वाक्य होतं रेशमी लुगड्याचं. ते ओठापर्यंत आलं. पाठ होतं ना, आपोआप आलं. पण निघालं न्हाई. समोर ती उभी होती. तिच्या तोंडावर, तिलाच दाखवून, मी दुसऱ्या बाईला आई म्हणू?

  मी बोललो. जेवढी इंग्रजी होती तेवढ्यात बोललो.

"माय मदर इज नॉट फेअर. शी इज ब्लॅक. शी डझ नॉट वेअर सारी. शी कट्स वुड. शी वॉक्स फ्रॉम द तांडा. शी इज माय मदर, सर. शी इज ॲट द डोअर."

एवढंच. पुढचं येत नव्हतं. फेटियाला काय म्हणतात, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

 मला वाटलं, आता साहेब दाराकडं बघतील. उठतील, न्हाई उठले तर निदान मान हलवतील. शिकलेला माणूस, हैदराबादेकडचा. त्यांनी दाराकडं पाहिलं न्हाई. टोपी सारखी केली आणि मास्तरांना अगदी हळू, समजुतीनं म्हणाले,

"मास्टर साहब, इस लडके को मजमून याद नहीं है."

ह्याला निबंध पाठ न्हाई. बस्स. मी सगळं आयुष्य जमा करून बोललो, आणि त्यांना त्यात एवढंच ऐकू आलं. राग नव्हता त्यांच्या आवाजात. राग असता तरी बरं होतं हो!

मग देशमुखाचा पोरगा उठला आणि त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. गोरी आई, रेशमी लुगडं, देऊळ, पोथी. आता खरं सांगू? त्याची आई वाड्याच्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हती आणि तिला अक्षरओळख नव्हती. पोथी कुठून वाचणार? निबंध त्याचाही खोटाच होता. पण त्याच्या खोट्याला कुणी हसलं न्हाई. साहेब म्हणाले, "शाबाश." तोवर शिपायानं याडीला दारातून हाकललं होतं.

साहेबांचा टांगा गेला. मास्तरांनी मला मारलं न्हाई. सगळ्यांपुढं एवढंच म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लमाणाला इंग्रजी शिकवायला निघालो, माझीच चूक." मॅट्रिकच्या वर्गातून माझं नाव गेलं. नववीत आणखी एक वर्ष.

याडी फाटकाबाहेर लिंबाखाली बसली होती. भाकरी दिल्याशिवाय कशी जाईल? मी गेलो, बसलो. तिनं विचारलं, "पास झालास?"

"न्हाई."

"मी आले म्हणून का?"

 मी न्हाई म्हणालो. तिला पटलं न्हाई. आईला पोराचं खोटं कळतं. फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता मी दारात येत न्हाई. भाकरी ह्या लिंबाखाली ठेवून जात जाईन. तुला तकलीफ नको."

"तू दारातच यायचं," मी ओरडलो. रडतच ओरडलो. "मी तिथं असेस्तोवर दारातच यायचं."

 तिनं मोळी उचलायला मला हात लावायला सांगितलं आणि बाजाराकडं चालती झाली. पुढच्या बाजारी भाकरी लिंबाखालीच होत्या. त्याच्या पुढच्याही. माझं कुणी ऐकलं न्हाई, तिनंसुद्धा न्हाई.

मृगात शाळा उघडली. तोच वर्ग, तेच मास्तर. माझ्याबरोबरची पोरं पलीकडच्या खोलीत मॅट्रिकला. मी लहान पोरांत, शेवटच्या बाकावर. बाप म्हणत होता, पुरे झालं, रानात चल. पण मी आलो. शिकायला आलो होतो, आणि आणखी एका कामासाठी आलो होतो.

एक दिवस मास्तर म्हणाले, "लिहा. माय मदर."

पोरांनी माना खाली घातल्या. लेखण्या कुरकुरायला लागल्या. माय मदर इज फेअर. मी लेखणी बाकावर ठेवली आणि हाताची घडी घातली.

मास्तर सांगत सांगत माझ्यापाशी आले. थांबले.

"लेखणी उचल."

"न्हाई, सर."

"काय म्हणालास?"

मी उभा राहिलो. 

"माझी आई मला कुणी सांगायची न्हाई, सर. ती मी लिहीन."

कुणी हसलं न्हाई. त्यांनी छडी आणवली. म्हणाले, "हात पुढं कर."

मी डावा हात पुढं केला. उजवा मला लिहायला पाहिजे होता.