किहीमला वाळूच नव्हती

परदेशातून एका सेमिस्टरसाठी आमच्या कॉलेजात अकरा जण आले होते आणि त्यांना एका दिवसाच्या सहलीला कुठे न्यायचं यावरून मॅडमचं आणि माझं आठवडाभर चाललं होतं. मॅडमना वॉटरपार्क हवा होता. मला किहीमचा समुद्र! घर माझं थळला, पण किहीमही आम्हाला आपलंच वाटतं. मी म्हटलं, मॅडम, दुपारी दोनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, मैदानाएवढी वाळू उघडी पडते, पाहुण्यांशी क्रिकेट खेळू.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण वाळू नसली तर बस तिथूनच वॉटरपार्ककडे वळणार. मागच्या वर्षी एकीचं 'आमच्या गावाला चला' ऐकलं आणि सहा तास चिंचेखाली बसले होते मी."

"मॅडम, कोळ्याची पोर आहे मी!"

आमच्याकडे भरतीचं गणित सोपं. जी तिथी, तिच्या पाऊणपट वाजता भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. सहल एकादशीला होती. अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वादोनला ओहोटी. पाहुण्यांना हे करून दाखवलं तर ते वेडेच झाले, एकाने तर वहीत उतरवून घेतलं. मी हवेत.

मग आयचा फोन. "एकादशीला आणतंस व्हय सगल्यांना? मंग खायला काय घालू, साबुदाणा?"

अरे देवा! आयची एकादशी म्हणजे घरात मासळी नाही म्हणजे नाही. आणि तिचं कोलंबीचं कालवण न खाता पाहुणे मायदेशी परत जाणार? शक्यच नाही! मी सहल बरोब्बर एक आठवडा पुढे ढकलली. बसवाल्याला फोन केला, मॅडमना मस्का मारून परवानगीची तारीख बदलून घेतली, आयला बोंबील, कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या अशी भलीमोठी यादी सांगितली. सगळ्यांना कळवलं.

समुद्राला कळवायचं राहिलं.

दोनच्या आधी पोचलो. सुरूच्या झाडांतून मी सगळ्यांच्या पुढे पळत, एका हातात बॅट, काखेत स्टंप, मागून अकरा जणांची आरडाओरड... आणि थांबलेच. पाणी पार झाडांपर्यंत! वाळूची जेमतेम दोन हातांची पट्टी उरलेली, तिच्यावरही एक कुत्रं आडवं पडलेलं. एका लंबूने आधी समुद्राकडे बघितलं, मग माझ्या काखेतल्या स्टंपांकडे, आणि अगदी नम्रपणे विचारलं, "पिच कुठंय?"

 मॅडमनी वळून ड्रायव्हरकडे बघितलं. तो तर एसी चालू ठेवूनच बसला होता.

तेवढ्यात रिक्षातून पातेली सांभाळत आय आली, आणि बाबा. बाबांच्या खांद्यावर पाग, म्हणजे काठावरून फेकायचं ते गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. मला बघून म्हणाले, "काय गो, पाण्यान खेलतंस किरकेट?"

"बाबा, ओहोटी कुठे गेली?"

"आज तीज हाय. सव्वादोनला भरती. एकादशीचं गणित तिजंला लावलंस? हप्ता गेला का पाणी उलटं होतं, ह्ये पाचवीतली पोरं सांगतील! मना वाटलं, भरतीला आणतंस म्हंजे पाग बघायलाच आणतंस."

"आणि म्हणे कोळ्याची पोर," मॅडम म्हणाल्या. मी वाळूत शिरायला जागा शोधत होते, तर वाळूही नव्हती.

आयनेच वाचवलं. "जेवल्याबिगर कोन जायाचं न्हाय." मॅडम म्हणाल्या, बरं, जेवण होईपर्यंत थांबू, मग निघायचं.

पाहुण्यांचे नाक-डोळे कालवणाने वाहत होते तरी वाढून घेणं थांबेना, पण मी भाकरी नुसती कुस्करत बसले होते. शेवटचं ताट उचललं की दिवस संपला! ते बघून बाबाच उठले, कमरेइतक्या पाण्यात गेले. पागाची एक कड दातांत धरली, अर्धं जाळं कोपरावर घेतलं, गर्रकन वळले आणि फेकलं. हवेत एवढं मोठं गोल उघडलं आणि छप्प! वर ओढलं तर चार बोय मासे तडफडतायत.

झालं! अकराच्या अकरा पाण्यात. कुणाचंच जाळं उघडेना, ओल्या चादरीचा गोळा पडावा तसं धप्पकन पडायचं. लंबू तर जाळ्यासकट गेला, त्यालाच ओढून काढावं लागलं. आय पदर तोंडाला लावून इतकी हसली की खालीच बसली.

"बघू, मला द्या," मॅडम म्हणाल्या.

ओढणी कमरेला खोचून मॅडम पाण्यात! पहिल्यांदा गोळा. दुसऱ्यांदा जाळं उघडलं, पण करंजीसारखं, अर्धंच. तिसऱ्यांदा गोल! पूर्ण गोल! आत दोन बोय! मॅडम अशा किंचाळल्या की कुत्रं उठून गेलं.

"मॅडम, एवढे दिस कुठं लपल्या व्हत्या तुमी?" बाबा म्हणाले.

मागून ड्रायव्हर आला. "मॅडम, आता निघालो तरच वॉटरपार्क गाठता येईल."

मॅडमनी मानसुद्धा वळवली नाही. "तो एसी बंद करा आधी. आणि पँट वर करून इकडे या, ही शिशाची बाजू जड आहे, धरा जरा."