कुसुमबाईंची लाल गाडी

दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरकी केली की गोळ्यांची नावं विसरायला होतं, किस्से मात्र साचत जातात. आमच्या डॉक्टर कुसुमबाईंच्या गाडीचेच इतके आहेत, की चहाचे दोन राउंड होतात तरी मी अर्ध्यातच असतो!

बाईंचा वरोऱ्यात बाळंतपणाचा दवाखाना. मायबाप लवकर गेले. मोठे भाऊ दादाजी, हेडमास्तर. त्यांनीच पोटाला चिमटा घेऊन बहिणीला डॉक्टर केलं. त्यांची एकच हौस होती. बहिणीला मोठ्या विलायती गाडीतून उतरताना बघायचं.

बाई पन्नाशीला आल्या तेव्हा बाई, दादाजी आणि मी नागपूरला गेलो. शोरूममध्ये काळी, लांबलचक गाडी. बाई आत बसल्या. सेल्समन म्हणाला, "मॅडम, काच लावली की बाहेरचा आवाजच येत नाही!"

"मंग बाहेरून कोणी हाक मारली त?" असं म्हणून बाई उतरल्याच.

समोरच्या दुकानात एक छोटी लाल गाडी होती. दोन सीटा, वर उघडं आभाळ, किंमत पाव हिश्श्याची. बाई स्टिअरिंगला हात लावून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "रशीद, बस."

"कुठी जायचं, बाई?"

"मले काय मालूम!"

•

दादाजी एसटीनं परत आले. "बहिणीले डॉक्टर केलं, अन् तिनं खेळणं घेतलं!" म्हणाले, आणि बोलणंच बंद केलं.

बाई दर रविवारी त्यांच्या फाटकापाशी गाडी उभी करायच्या. एकदा हॉर्न वाजवायच्या. पाच मिनिटं थांबायच्या. फाटक उघडायचं नाही.

•

गावात तर तमाशाच! एका म्हाताऱ्या पेशंटनं गाडीभोवती चक्कर मारली. "बाई, टप नाई घेतला त किती वाचले?"

"लय वाचले, आजी."

"मंग चाकं काऊन घेतली?"

•

एकदा भर उन्हात चंद्रपूरहून येत होतो. रस्त्यात बैलबंडी उभी, आत कळा देणारी बाई, आणि नवरा नुसता रडून राह्यला. कुसुमबाईंनी तिच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप उतरलो.

सात किलोमीटर पायी चालून दवाखान्यात पोचलो, तर पेढे वाटून झालेले! बाई म्हणाल्या, "तू सीट देली म्हणून लेकराचं नाव रशीद ठेवून राह्यले होते."

माझे डोळे भरून आले. "मंग?"

"पोरगी झाली न!"

•

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी बाईंनी हॉर्न वाजवला आणि फाटक उघडलं. दादाजी! अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी. मी उतरलो. ते कण्हत-कुंथत बसले, गुडघे हनुवटीला. आत त्यांच्या घरच्यांनी मला चहा दिला.

तासाभरानं गाडी आली, तर दादाजींचं डोकं उघडं. बाईंनी मला सांगितलं, टोपी भद्रावतीच्या रस्त्याला उडाली. त्यांनी ब्रेक दाबला, तर दादाजी ओरडले, "थांबू नको कुसुम! जाऊ दे तिले!"

•

आणि ही धानोऱ्याकडची गोष्ट. एका खेड्यात कॅम्प होता, आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो. गाडी मोहाच्या झाडाखाली लावली. सकाळी उठून पाहतो तर गाडी फुलांनी भरलेली! सीटवर, पायाशी, गिअरपाशी, सगळीकडे पिवळट, ओली फुलं. साऱ्या रानाला तोच गोड वास.

गाडीपाशी एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, "झाड आमचं हाय. फुलं तुमच्या गाडीत पडली. आता कोणाची?"

"झाड तुमचं, त फुलंबी तुमचीच," बाई म्हणाल्या.

म्हातारी माझ्या सीटवर बसली. एकेक फूल वेचू लागली. ऊन फांद्यांतून खाली उतरलं, टोपली शिगोशीग भरली, तरी ती उतरेना. टोपली मांडीवर घेऊन समोरच्या वाटेकडे बघत राहिली.

बाई शेजारी बसल्या, चावी फिरवली.

"बाई, कॅम्प!" मी ओरडलो.

गाडी सागाच्या झाडांत दिसेनाशी झाली. मग आवाजही गेला.

पेशंट जमायला लागले तेव्हा दोघी परत आल्या. केस विस्कटलेले, त्यांत एखाद-दुसरं फूल अडकलेलं. म्हातारी उतरली, बाईंच्या गालावरून हात फिरवला आणि घराकडे चालू लागली.

टोपलीत एकही फूल नव्हतं.