रुमालाखालचं बोट

अमरावतीच्या कापूस बाजारात तो अडत्या होता आणि मी एका विलायती कंपनीच्या जिनासाठी, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यासाठी, कापूस घेणारा खरेदीदार. सकाळी तो शेतकऱ्यांच्या कापसाच्या गाड्या दलालीवर विकून द्यायचा आणि संध्याकाळी धोतर वर खोचून, अनवाणी, पोरांना फुटबॉल शिकवायचा. गळ्यातली शिट्टी बाजारातही काढत नसे.

मैदानावर त्याचं एकच तुणतुणं. "अबे, चेंडूले हात लागला तं आपनच हात वर कराचा. पंचानं पायलं का नाई, ते पाहत बसाचं नाई." मग माझ्याकडे वळून, "धंद्यातही हेच हाय, भाऊ." मी हसायचो. आमचा धंदाच मुळी रुमालाखाली चालायचा; भाव तोंडानं नाही, एकमेकांची बोटं दाबून ठरायचा; जितकी बोटं जास्त, तितका भाव चढा.

एकदा वलगावच्या गाडीचा सौदा करताना त्यानं मागितल्यापेक्षा एक बोट जास्त माझ्याकडून दाबलं गेलं. दाबलेलं बोट परत घेता येत नाही. साहेब आता नोकरीवरून काढणार, हे मला दिसत होतं. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं रुमाल ओढला आणि स्वतःचा हात वर केला. "चुकलं माह्यं. सौदा पुन्हा करू."

गाडीवाला भडकला. "बोटंही मोजता येत नाई काय तुमाले?" म्हणत त्यानं बैल दुसऱ्या अडत्याकडे वळवले.

संध्याकाळी मैदानावर जाऊन मी म्हणालो, "चूक माझी होती."

"मालूम हाय, भाऊ," तो शिट्टी पुसत म्हणाला. "मी तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. पन तुमचा हात काई वर झाला नाई."