बारावी पास

लॉन्ड्रीत तिला सगळे ताईच म्हणत. मालक वयाने तिच्या बापाएवढा, पण तोही ताईच म्हणे. वडील गेले तेव्हा ती नुकतीच बारावी झाली होती. आईने एकदाच विचारलं, "तुम्हा दोघी बहिणींचं कसं व्हायचं गं?" ताईने कॉलेजचा विचार सोडला आणि इस्त्री हातात घेतली. धाकटी हुशार, तिने शिकावं. मनगटावरच्या भाजल्याच्या खुणांबद्दल कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "आमच्याकडे बांगड्या अशाच मिळतात."

धाकटी विद्यापीठात गेली, एम.ए. झाली, वरच्या नंबराने. आईने पदवीचा फोटो भिंतीवर लावला. मग मुलाखती सुरू झाल्या. कुठे अनुभव नाही म्हणून नकार, कुठे नुसतंच "कळवू". उंबरठे झिजवून झिजवून पोर थकली. पुढे घराबाहेरच पडेनाशी झाली. समोरचं ताट तसंच निवायचं. आई कळवळायची, "हिऱ्यासारखी पोर माझी, मातीमोल झाली."

'आणि मी?' ताईच्या ओठांवर यायचं. ती धाकटीचं ताट झाकून ठेवायची.

लॉन्ड्रीच्या काउंटरवरची बाई काम सोडून गेली, तेव्हा ताई धाकटीला घेऊन मालकापुढे उभी राहिली.

"शिक्षण किती?" मालक म्हणाला. "फार शिकलेली नको हं. अशी माणसं टिकत नाहीत."

धाकटीने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "बारावी."

"मग ठीक. उद्यापासून ये."

घरी जाताना धाकटी रस्त्यातच थांबली. "खोटं का बोललीस?"

"खरं बोलून आजवर काय पदरात पडलं?"

"ती पदवी माझी एकटीची होती का, ताई? तुझं अख्खं तरुणपण गेलं तिच्यात. एका शब्दात पुसून टाकलंस."

"पुसलं तर पुसलं," ताई म्हणाली. "चल, आज तरी पोटभर जेव."

धाकटी कामाला लागली. पावतीत चूक नाही, गिऱ्हाइकाशी वाद नाही. बोलायची मात्र कामापुरतंच, घरीही, ताईशीही. एका सकाळी मालक खुशीत येऊन ताईच्या टेबलाशी टेकला.

"बहीण चलाख आहे हो तुझी. पुढे शिकवायची होतीस तिला."

"परिस्थिती नव्हती," ताई म्हणाली आणि तिने पुढचा शर्ट ओढला.

काउंटरवर धाकटी मान खाली घालून पावती लिहीत होती. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.