नखाने खरवडलेला चिरा

चिऱ्यावर मी अंगठ्याचे नख ओढले आणि लाल भुकटी खाली पडली. शाळेची नवी खोली याच दगडात बांधायची होती. दगड तपासायला फर्मने मला पाठवले होते. खाणीत जमलेल्या शाळेच्या कमिटीसमोर मी म्हणालो, "हा चालणार नाही." त्याच सकाळी काढलेले दुसरे सहा चिरे दुपारी बेळगावच्या लॅबमध्ये दाब देणाऱ्या प्रेसखाली ठेवले. सहाही लवकर फुटले. मी रिपोर्टवर 'नापास' लिहून सही केली.

येळ्ळूरच्या बाजूच्या त्या गावातली जुनी शाळा खाणवाल्या मारुतीअण्णांच्या वडिलांनी काढलेल्या चिऱ्यांची आहे. नवी खोली आपल्या हातच्या चिऱ्यांची व्हावी, एवढीच अण्णांची इच्छा होती. माझा रिपोर्ट वाचून कमिटीने सिमेंटचे ब्लॉक मागवायचे ठरवले.

चार दिवसांनी अण्णा ऑफिसात आले. चहाला हो म्हणाले, खुर्चीला नाही. चिरे किती दिवस वाऱ्यावर ठेवले होते, एवढेच त्यांनी विचारले. एकही दिवस नाही, मी म्हणालो.

"मग साहेब, तव्यावर टाकायच्या आधीच भाकरी मोडून बघितलासा की. आन पीठ वाईट म्हनून लिहून दिलासा."

हे मला ठाऊक होते. लाव्हा थंड होऊन आपला काळा दगड झाला. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरले, तो हा जांभा. जमिनीत असतो तोवर तो ओला आणि मऊ असतो. बाहेर काढून वाळवला की त्यातले लोह घट्ट धरते आणि दगड कठीण होतो. हेच मी कॉलेजातही शिकवतो. त्या दिवशी मात्र मला घाई होती, आणि घाईचे कारणही आठवत नाही.

मी फर्मच्या प्रमुख मॅडमकडे गेलो. "रिपोर्ट मागे घेताय? कारण काय लिहू?"

"नमुना चुकीच्या वेळी घेतला. घेणारा मी."

त्या हसल्या. माझ्याकडून इतका छोटा खुलासा पहिल्यांदाच आला, म्हणाल्या.

कमिटी उन्हाळाभर थांबायला तयार झाली. अण्णांनी मध्ये फटी ठेवून चिरे उघड्यावर रचले. दुसऱ्या टेस्टला सगळी कमिटी लॅबमध्ये दाटीने उभी होती. दाबाचा काटा हव्या त्या आकड्यापुढे सरकला; चिऱ्याला तडाही गेला नाही. "आता फोडा की," अण्णा शांतपणे म्हणाले, आणि सगळी लॅब हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

खोलीच्या उद्घाटनाला मला मानाने बोलावले होते. दाराशेजारी, हात पोचेल अशा उंचीवर, एका चिऱ्यावर ओरखडा होता. माझाच. अण्णांनी तो चिरा जपून ठेवला होता.

"तुमची सही हाय, साहेब. ऱ्हाऊ दे म्हटलं."

मी ओरखड्यावरून पुन्हा नख ओढून पाहिले. नख तुटले.

तेव्हापासून आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर एक रकाना जास्त आहे: चिरा खाणीतून कधी काढला. तो मी स्वतः भरतो.