विंगेतला माणूस तिसऱ्या रांगेत

जयप्रकाश वेलणकर रंगमंचावर कधीच आले नाहीत. तरी बहारीनमध्ये, मनाम्यातल्या मराठी माणसांनी गेल्या पंचवीस वर्षांत रंगमंचावरून जे काही ऐकलं, त्यातलं निम्मं त्यांनीच बोललेलं आहे. मंडळाचं गणपतीतलं नाटक कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेतले, रिफायनरीतले, विमा कंपनीतले लोक शिफ्ट संपवून तालमीला येणार, वडे खाणार, कुणाच्या घरी कुणाचं जाणं-येणं वाढलंय यावर सविस्तर चर्चा करणार आणि पाठांतराचं विचारलं की ‘होईल, इंशाल्ला’ म्हणून गाडीत बसणार. मग प्रयोगाच्या दिवशी विंगेत हातात संहिता आणि छोटी बॅटरी घेऊन वेलणकर उभे. एका वर्षी तर नायकाने तिसरा अंक कोराच आणला होता. पुढच्या रांगांनी प्रत्येक वाक्य दोनदा ऐकलं, एकदा विंगेतून आणि एकदा नायकाकडून. विंगेतलं जास्त बरं वाटलं, असं बायका नंतर म्हणाल्या. त्यात नायकाची बायकोही होती.

त्यांची कला म्हणजे श्वास ओळखणं. नट अडकायच्या आधी त्याचा श्वास अर्धा राहतो. तो राहिला रे राहिला की वाक्य द्यायचं. विचार करत बसलं की उशीर झालाच म्हणून समजा.

दुसरं वेड त्यांना सित्र्यातल्या कंपनीत लागलं. बोटींवरच्या वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करणारी कंपनी, हे तिथे हिशेब बघायला. साहेब इंग्रज, व्हिटलॉक नावाचा. चेहऱ्याला इस्त्री करून यायचा. ‘मॉर्निंग’च्या पलीकडे शब्द नाही. एकदा सह्या करता करता त्याने मान वर न करताच विचारलं, काल टीव्हीवर लागला तो विनोदी कार्यक्रम पाहिलास का? वेलणकरांनी पाहिला नव्हता. ‘येस सर’ म्हणाले, आणि खोटं अंगाशी येऊ नये म्हणून त्या संध्याकाळपासून खरंच पाहायला बसले. इथल्या इंग्रजी वाहिनीवर तेव्हा विलायती विनोदी मालिका लागत. पुढची कित्येक वर्षं साहेबाचं आणि त्यांचं बोलणं तेवढंच, आदल्या रात्रीच्या भागाबद्दल. त्यात साहेब एकदा हसलाही म्हणतात, पण त्याला वेलणकरांशिवाय साक्षीदार नाही. साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि वेलणकर मात्र अडकले ते अडकलेच.

“येवढा काय जीव लागलाय त्यात?” नजीब मुकादम विचारायचा. नजीब त्यांच्या झिंजच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा चिपळूणकडचा, गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायला घाबरतं. “आदी राज्य करून गेले. आता हसवतायत, तरी तुमी त्यांच्याचपुढं बसलेले.”

“अहो, त्यात कुणी जिंकत नाही,” वेलणकर सांगायचे. “आपल्याकडे शेवटी गैरसमज मिटतात, लग्न लागतं. ह्यांचा माणूस आहे तिथेच राहतो. वरच्यापुढे लाचार, खालच्यापुढे ताठ, शेजारी काय म्हणतील ह्याची धास्ती, आणि वर खात्री की आपला जन्म ह्याहून मोठ्या खुर्चीसाठी झालाय. दर भागात पचका होतो, आणि पुढच्या भागात मेला टाय बांधून परत हजर.”

“म्हंजे तुमीच की,” नजीब म्हणायचा. “फकस्त पगार कमी.”

नीलाला, म्हणजे वेलणकरांच्या बायकोला, इंग्रजी यथातथाच कळायचं. पण टीव्हीतल्या लोकांच्या हसण्याआधी ती हसायची. शब्द कळत नसल्यामुळे ती चेहऱ्यांकडे बघत असे. त्या दोघांच्या मध्ये सतरंजीवर बसून गंधार मोठा झाला. वेलणकर त्याला मधेच आवाज बंद करून दाखवायचे. “बघ, हा थांबला. सगळं हसू ह्या थांबण्यात आहे. इथे कुणी शब्द टाकला तर गेलं.” पोरगं डोळे मोठे करून त्या मुक्या चेहऱ्याकडे बघत बसायचं.

त्याचं फळ असं मिळालं की इंजिनिअरिंगला इंग्लंडमध्ये पाठवलेला गंधार तिथे रात्रीचा माइक हातात घेऊन लोकांना हसवू लागला आणि मग दिवसाही दुसरं काही करेना. मंडळात हळहळ झाली. वेलणकर वरवर हळहळले आणि आतून असे फुलले की शर्टाची बटणं तेवढी तुटायची राहिली. ज्यांचा विनोद आपण शिकलो, त्यांनाच आपला मुलगा हसवतोय, आणि ते पैसे देऊन ऐकतायत. नीला म्हणाली, “जेवतो का वेळेवर, ते विचारा.”

दोन वर्षांपूर्वी नीला गेली. सकाळी बरी होती, दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी सगळं आटोपलं. आत डॉक्टरांची धावपळ चालू असताना वेलणकरांनी बाहेरच्या बाकावरून गंधारला फोन लावला. दोनदा रिंग झाली आणि फोन कट झाला. परत लावला तर बंद. गंधारचा उलटा फोन आला तो तिकडचा कार्यक्रम संपल्यावर. तोवर नीलाच्या अंगावर चादर ओढून झाली होती.

तो आला, अग्नी दिला, आठवडाभर राहिला, भिंतीकडे बघत बसला आणि गेला. मंडळातल्या बायकांनी वेळांचा हिशोब लावला. आईचं इकडे ते चाललेलं आणि हा तिकडे लोकांना हसवत होता. बायकांची तोंडं कोण धरणार? पण त्यांनी म्हटलं ते वेलणकरांच्या डोक्यात आधीपासूनच होतं. फोन आपोआप कट झाला, की त्याने नाव बघून कापला? एवढं एकच त्यांना हवं होतं. रोज संध्याकाळी ते टीव्ही लावत, लोक हसत, आणि ते त्या दोन रिंगा ऐकत. फोनवर गंधारशी बोलणं व्हायचं, पण हवापाण्याचं. ह्या घराने इतकी वर्षं जो विनोद पाहिला त्यात मनातलं कुणी कधी बोलत नाही. त्यातूनच हसू येतं. पडद्यावर फार बहार येते त्याने. घरात मात्र त्याने माणूस कुजतो.

ह्या हिवाळ्यात गंधार कार्यक्रमासाठी बहारीनला आला. आयोजकांनी त्याला हॉटेलात उतरवलं होतं. सकाळी झिंजला बापाला भेटायला आला तेव्हा वेलणकरांनी पोहे केले होते आणि प्रश्नही तयार ठेवला होता.

“मीठ बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“परफेक्ट आहे, बाबा.” पोहे खारट झाले होते. थोड्या वेळाने बशी खाली ठेवत गंधार म्हणाला, “तू येशील ना संध्याकाळी? ह्या शोमध्ये एक बिट आहे, एक किस्सा. म्हणजे... आय वॉन्ट यू टु हिअर इट. घरी मला बोलता येत नाही.”

“आईबद्दल?”

गंधारने मान हलवली. हो की नाही ते वेलणकरांना कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

अदलियातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम होता. वेलणकर तिसऱ्या रांगेत, शेजारी नजीब, अत्तर लावून. आजूबाजूला गोरे, मल्याळी, बहारीनी तरुण पोरं, फिलिपिनो नर्सेसचा एक घोळका.

“तिकीट काढून पोराकडनं स्वतःची अब्रू काढून घ्यायची,” नजीब कानात म्हणाला. “माझा पोरगा फुकट काढतो.”

गंधार आला आणि त्याने खरंच बापाची अब्रू काढली. सित्र्याला टाय बांधून जाणारा हिशेबनीस, साहेबाशी फक्त टीव्हीबद्दल बोलणारा, दुसऱ्यांची वाक्यं पाठ असणारा आणि स्वतःचं एकही नसणारा बाप. गोरे हसत होते, कारण तो त्यांच्या मालिकेतला माणूस होता. मल्याळी हसत होते, कारण तो त्यांच्या घरातला होता. बहारीनी पोरं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. त्यांचेही वडील कुठल्या तरी खात्यात टाय बांधून जातच असतील. वेलणकरही हसले. इतकं नेमकं आपल्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

मग गंधारचा आवाज उतरला. तो म्हणाला, एका संध्याकाळी मी असाच पडद्यामागे उभा होतो. नाव पुकारलं जाणार होतं. खिशातला फोन वाजला. बघितलं तर बाबा. बाबा त्या वेळेला कधीच फोन करत नाहीत. आणि मी...

तो थांबला.

सभागृह गप्प झालं. गंधारची नजर तिसऱ्या रांगेवर आली आणि त्याचा श्वास अर्धा राहिला.

वेलणकरांना तो श्वास ऐकू आला. हे आपणच शिकवलेलं थांबणं आहे, इथे शब्द टाकायचा नसतो, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण ते ज्ञान घरातल्या सतरंजीवरचं. रंगमंचासमोर त्यांचं अंग दुसऱ्याच नियमाने चालायचं. नट अडकलाय, वाक्य दे. आणि वाक्य तयार होतं; दोन वर्षं ते दुसरं काही घोकत नव्हते.

“अँड आय कट द कॉल,” वेलणकर म्हणाले.

मोठ्याने नव्हे. विंगेतून देतात तसं, दबक्या, स्वच्छ आवाजात. पण इथे मध्ये पडदा नव्हता.

क्षणभर कुणी काही केलं नाही. मग असा हशा फुटला की खालच्या मजल्यावरचे वेटर वर बघायला आले. गंधार बापाकडे पाहत उभा होता. त्याचा चेहरा नीलाने पाहिला असता तर ती हसली नसती. मग त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला, तोंडावर हसू ओढलं आणि म्हणाला, लेडीज अँड जेंटलमेन, माय फादर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नजीबने सवयीने दोन वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले. गंधार दुसऱ्याच गोष्टीकडे वळला. पडद्यामागच्या त्या संध्याकाळकडे तो परत आला नाही.

नंतर जिन्यापाशी दोघं भेटले. लोक वेलणकरांचा हात हातात घेऊन जात होते. टायमिंग, अंकल, टायमिंग.

“म्हणजे तुला तसं वाटतं,” गंधार म्हणाला.

“अरे, सवय आहे ती. तू थांबलास, मला वाटलं विसरलास.”

“बाबा, तूच शिकवलंयस मला थांबायला.”

“मग पुढे काय होतं? खरं वाक्य काय होतं?”

गंधारने मागून येणाऱ्यांना वाट करून दिली. “आता काय त्याचं,” तो म्हणाला. “मी काही सांगितलं तरी ते तुझ्यानंतरचंच होणार. आणि तुझीच लाइन चांगली आहे.” मग त्याने बापाच्या शर्टाची कॉलर नीट केली, नीला करायची तशी. “गाडी नीट चालव. सकाळची फ्लाइट आहे माझी.”

घरी येताना नजीब एरवीसारखा बोलला नाही. गाडीतून उतरताना म्हणाला, “जेवायला या खाली. रशीदानं सुरमई केलीय.” वेलणकर गेले नाहीत.

वसंतात नजीब स्वतः वर आला, फोन हातात धरून. दाखवू की नको अशा चेहऱ्याने त्याने तो दिला. गंधारचा इंग्लंडमधला कार्यक्रम, मोठं नाट्यगृह. लाखो लोकांनी पाहिलाय म्हणे, ऑस्ट्रेलियापासून कॅनडापर्यंत. तीच गोष्ट होती. पडदा, खिसा, फोन, बाबा. आणि मी...

गंधार थांबला. काय सुंदर थांबला. एक माणूस खोकला नाही.

वेलणकरांनी ह्या वेळी ओठ घट्ट मिटून धरले. हात नकळत बॅटरी धरल्यासारखा वर गेला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने खाली दाबला. समोरचं पोर काय बोलेल ते बोलू दे, आपण मध्ये यायचं नाही.

“अँड आय कट द कॉल,” गंधार म्हणाला, आणि नाट्यगृह हसून हसून वाकलं.